मामा, आता वाजवू नका

रविराजचा सॅक्सोफोन चालीतून बाहेर पडून जरा कुठं मोकळा फिरायला लागला होता, तेवढ्यात अजिनाथमामांचं ट्रम्पेट धाडकन मधे आलं. मूळ चाल, पहिल्या सुरापासून, पूर्ण ताकदीनं. रविराजनं सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि आवाज घुमू नये म्हणून समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या अंड्यांच्या ट्रेकडे बघत उभा राहिला. माणसांकडे बघितलं असतं तर तोंडातून काहीतरी वावगं गेलं असतं.

“मामा, आपलं काय ठरलं व्हतं?”

“ठरलं तसंच तर चाललंय,” अजिनाथमामा म्हणाले.

“मग मधी कावून आलाव?”

“तू चुकलास म्हून आलो.”

“मी चुकलो न्हवतो, मामा.”

“मंग चाल कुठं गेलती?”

ड्रमसेटमागं बसलेल्या सुग्रीवला हसू आलं आणि ते लपवायला तो झांजेचा स्क्रू पिळायला लागला. कीबोर्डवर बसलेल्या राजनंदिनीनं कपाळाला हात लावला. काचेपलीकडून स्टुडिओचा मालक रामप्रसाद यानं माइकवरून थंडपणे विचारलं, “पुसू का हे बी?”

“पूस,” रविराज म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता.

आता अंबाजोगाईत, जिथं देवीच्या आरत्या आणि निवडणुकीची गाणी रेकॉर्ड होतात अशा खोलीत जॅझ वाजवायचं खूळ कुणाच्या डोक्यात आलं, तर ते या रविराजच्याच. केजजवळच्या गावात घरची चांगली बागायत. वडील राधाकिशनराव एकेकाळी पंचायत समितीवर निवडून गेलेले, अजूनही चौकात खुर्ची मिळणारे. पोरगा इंजिनिअर व्हायला पुण्याला गेला आणि कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या सरांकडून सॅक्सोफोन शिकून आला. नोकरी सोडून तो परत आला, केजला खत-बियाण्यांच्या दुकानात बसायला लागला, इथवर राधाकिशनरावांची तक्रार नव्हती. त्या चकचकीत नळ्याला मात्र ते घरात बघू शकत नसत. “आपल्या घरानं आजवर वाजंत्री लावले,” ते येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणायचे, “वाजवायला कुनी गेलं न्हवतं.”

रविराजला त्या बोलण्याचं फारसं वाटत नसे. त्याला सलत होतं ते वेगळंच. पुण्यात तो ज्या ग्रुपबरोबर हॉटेलांत वाजवायचा तिथं त्याला कायम मागं उभं केलेलं. जॅझची रीत तशी साधी असते. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची. मग एकेकानं चाल सोडून आपल्या मनानं फिरून यायचं, तोवर बाकीच्यांनी खालून ताल आणि सूर धरून ठेवायचे, आणि शेवटी सगळ्यांनी पुन्हा चालीवर यायचं. ते एकट्यानं फिरणं हाच त्यातला जीव. रविराजची पाळी यायची तेव्हा लोक जेवायला उठलेले असायचे, नाहीतर हॉटेलचा मॅनेजर घड्याळ दाखवत असायचा. तिशी उलटली तरी आपलं म्हणून, एकट्यानं वाजवलेलं एक मिनिटभराचं रेकॉर्डिंग त्याच्याकडं नव्हतं. एवढी वर्षं आपण नक्की काय केलं, हा प्रश्न त्याला दुकानात गिऱ्हाईक नसलं की हमखास पडायचा.

तशात यंदा पुण्यातल्या एका महोत्सवानं नव्या ग्रुपांसाठी जागा ठेवली. आपली स्वतःची एक रचना पाठवायची, काटछाट न करता, एका दमात वाजवलेली. रविराजनं ते वाचलं आणि त्याच संध्याकाळी ग्रुप काढला. म्हणजे सुग्रीवच्या जीपमध्ये जाऊन बसला आणि म्हणाला, “बे, आपुन ग्रुप काढलाय.” सुग्रीव त्याचा शाळेपासूनचा दोस्त. केज-अंबाजोगाई जीप चालवायचा आणि गणपतीत बँजो पार्टीत ड्रम बडवायचा. त्यानं जॅझ म्हणजे काय ते विचारलंसुद्धा नाही, नुसतं “कवा?” म्हणाला. राजनंदिनी अंबाजोगाईतल्या एका शाळेत संगीत शिकवायची. पाहुण्यांसमोर राष्ट्रगीत आणि स्वागतगीत वाजवून ती इतकी कंटाळलेली होती, की तिनं दोन आठवड्यांत सगळे सूर बसवून टाकले. बास वाजवायला माणूस मिळेना, तर ते कामही तिनं डाव्या हातावर घेतलं.

राहिले अजिनाथमामा. रविराजच्याच गावचे, केजच्या लग्नाच्या बँडचे मास्तर. मामा म्हणायचं ते गावकीच्या नात्यानं, पण लहानपणापासून म्हटलेलं. त्यांच्या ट्रम्पेटचा आवाज असा, की अडून बसलेली घोडीसुद्धा पाय उचलायची. रविराजनं बसवलेली ‘सांडवा’ ही चाल, जी त्याला बीडहून माल घेऊन येताना पालीच्या धरणावर सांडव्यावरून पडणारं पाणी बघता बघता सुचली होती, ती मामांनी खताच्या गोदामात पोत्याला टेकून एकदा ऐकली आणि परत वाजवून दाखवली. रविराजच्या अंगावर काटा आला. आपण बांधलेली चाल इतकी चांगली आहे हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण तिथंच सगळं गाडं अडलं. बँडमध्ये एक नेम असतो, चाल खाली पडू द्यायची नाही. वरातीत चालता चालता कुणाचा दम तुटतो, कुणाचा ओठ फुटतो, कुणाचा पाय खड्ड्यात जातो. अशा वेळी शेजारच्यानं तिथल्या तिथं चाल उचलायची, जोरात, म्हणजे पाहुण्यांना कळतसुद्धा नाही की मधे कुणी पडला होता. एकट्या पडलेल्या माणसाला तसाच सोडणारा वाजवणारा बँडमध्ये टिकत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी कुणी चहाला विचारत नाही. मामांचं अख्खं आयुष्य या नेमात गेलेलं. त्यामुळे रविराज चाल सोडून फिरायला निघाला, की मामांच्या कानाला ते पोरगं रस्ता चुकून उसात शिरल्यासारखं वाटायचं, आणि ते त्याला हाताला धरून परत आणायला धावायचे.

“एकट्यानं वाजवायची पाळी तुमचीबी हाय, मामा,” असं रविराजनं सुरुवातीला सांगून बघितलं होतं.

“मी काय पाप केलंय?” मामांनी विचारलं होतं, आणि तो विषय तिथंच मिटला.

तालमीत मामा मधे शिरायचे तेव्हा सगळे हसायचे. रविराजही हसायचा. ऐनवेळी जमेल, रेकॉर्डिंगच्या धाकानं मामा गप्प बसतील, असं तो धरून चालला. रोज पुढं ढकलता ढकलता मुदतीचा शेवटचा दिवस आला. बरं, रामप्रसादकडं खोली एकच. सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायचं, आणि ट्रम्पेटचा आवाज सगळ्या माइकांत शिरायचा, त्यामुळे तो मागाहून काढून टाकायची सोय नव्हती. आणि मामांना तेवढ्यापुरतं बाहेर बसवावं, तर तेही जमणार नव्हतं. सुरुवातीला आणि शेवटी चालीला ट्रम्पेट हवंच होतं. त्याच्याशिवाय ‘सांडवा’ नुसता ओघळ वाटायचा.

“आपुन खूण ठरवू,” रामप्रसादनं पुसून टाकल्यावर राजनंदिनी म्हणाली. “रविराजचं सुरू झालं की ते हात वर करतील. हात वर हाय तोवर मामा, तुमी वाजवायचं न्हाई.”

“हे बेस झालं,” मामा म्हणाले.

चाल सुरेख झाली. रविराजनं हात वर केला. आणि बँडमध्ये मास्तरचा हात वर गेला की नवरदेवाच्या दारात आलो, आता नाचाची घाई करायची, हे सुग्रीवच्याही हाडात मुरलेलं असल्यानं त्याचे दोन्ही हात आपोआप सुटले. ड्रम दुप्पट वेगानं धावायला लागले. मामांचं ट्रम्पेट तोंडाला लागलेलंच होतं. पुढचे काही क्षण स्टुडिओत साक्षात वरात चालली होती.

“पुसू का?” रामप्रसादनं विचारलं.

“बे सुग्र्या!”

“आरं हात वर केला तू! मी काय करू?”

मग मामांना खुर्चीवर बसवून बघितलं. बसून वाजवायची सवय नसल्यानं ते वाजवणारच नाहीत, हा सुग्रीवचा तर्क. मामा बसले, अवघडून, गुडघ्यावर ट्रम्पेट ठेवून, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. रविराज फिरायला निघाला. जरा लांब गेला, खालच्या एका सुरावर रेंगाळला, आणि मामा खुर्चीसकट उठल्यासारखे उठून वाजवायला लागले.

“मामा!”

“आरं तू थांबला व्हतास!”

“मी मुद्दाम थांबलो व्हतो! ते तसंच असतंय!”

“तसंच असतंय म्हनं,” मामा सुग्रीवकडे बघून म्हणाले, पण त्यांचाही चेहरा पडला होता. पोराच्या कामात आपण खोडा घालतोय हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता. ओठ त्यांचं ऐकत नव्हते.

दुपार कलली तशी बाहेर गाड्या येऊन थांबल्या. रामप्रसादनं पुढची वेळ जिल्हा परिषदेच्या एका उमेदवाराला दिली होती, त्याच्या प्रचाराच्या गाण्यासाठी. पांढऱ्या कपड्यांतली माणसं काचेपलीकडच्या सोफ्यावर येऊन बसली, आणि त्यातल्या एकानं रविराजला ओळखलं. दार ढकलून तो थेट आत आला.

“राधाकिशनरावांचा रविराज ना तू? आन् वाजीवतो व्हय?” त्यानं सॅक्सोफोनकडं बघितलं. “वडलांना ठावं हाय का?”

“ठावं हाय,” रविराज म्हणाला.

“न्हाई, चांगलं हाय. कला हाय.” तो हसला. “आमच्या गाण्यात बी जरा फुकून जा मग.”

दार बंद झालं. रामप्रसादनं माइकवरून सांगितलं, “दादा, आता एकच. मंग मला त्यांचं लावावं लागंल. लोक बसलेत.”

एकच. सकाळपासून वाजवलेलं काहीही शिल्लक नव्हतं, सगळं त्यानंच पुसायला लावलं होतं. रविराज मामांसमोर जाऊन उभा राहिला. पुढं जे बोलला ते बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं, पण तोंड आता त्याच्या ताब्यात नव्हतं.

“मामा, तुमी माझं वाटोळं करायलाच आलाव का? एकदा, आयुष्यात एकदा मला एकट्याला वाजवू द्या की! हितं वरात न्हाई चालली. मी चुकलो तर चुकू द्या. पडलो तर पडू द्या. मी हितं मरून पडलो ना, तरी तुमी त्या ट्रम्पेटला तोंड लावायचं न्हाई. कळलं का?”

सुग्रीव काड्यांकडे बघत बसला.

“रविराज, तोंड सांभाळा,” राजनंदिनी हळू आवाजात म्हणाली. “वडलांच्या वयाचे हायत ते.”

“ऱ्हाऊ दे, पोरी,” मामा म्हणाले. त्यांनी शर्टाच्या टोकानं ट्रम्पेटचं तोंड पुसलं. “पोरगं बरोबर बोलतंय. न्हाई वाजवनार मी, रविराज. शब्द देतो.”

रविराजला मान वर करून त्यांच्याकडं बघवेना. माफी मागायला वेळ नव्हता, निदान त्यानं स्वतःला तसं सांगितलं. काचेपलीकडं रामप्रसादनं बोट वर केलं आणि सुग्रीवनं ताल धरला.

चाल झाली. दिवसभरात झाली नव्हती इतकी देखणी झाली. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट असे लगटून गेले, की सोफ्यावरची माणसंसुद्धा मोबाइलमधून मान वर करून बघायला लागली. मग राजनंदिनीची पाळी झाली, छोटी आणि नेटकी. ती संपताना तिनं मान हलवली आणि रविराज बाहेर पडला.

मामा आले नाहीत. पहिल्या वळणावर रविराजचं अंग सवयीनं आखडलं, आता येतील म्हणून. आले नाहीत. दुसऱ्या वळणावरही नाही. मग त्यानं अंग सैल सोडलं. खालचा तो सूर धरला, त्यावर हवं तेवढं थांबला, तिथून उडी मारून वर गेला, आणि वर गेल्यावर त्याला अशा जागा सापडायला लागल्या ज्या गोदामात कधीच सापडल्या नव्हत्या. त्याला आनंद झाला. साधा, मोठा आनंद. हेच ते, हेच हवं होतं मला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या भरात तो आणखी पुढं गेला.

परत यायचं ठरवलं तेव्हा त्याला कळलं, की आपण कुठं आहोत हेच आपल्याला ठाऊक नाही. खाली सूर फिरत होते, पण चालीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं? हीच सुरुवात, असं धरून तो उतरला तर खालचे सूर भलतीकडंच निघाले. सुरांना सूर लागेना. त्यानं एक जुना तुकडा वाजवला, परत तोच वाजवला, परत तोच. घाम डोळ्यांत उतरला. राजनंदिनीचे डोळे डाव्या हातावर खिळलेले, ती त्याच्या खुणेची वाट बघत तेच सूर पुन्हा पुन्हा फिरवत होती. सुग्रीवला नेहमीप्रमाणे सगळं झकासच वाटत होतं.

रविराजनं मामांकडं बघितलं.

मामा खुर्चीत बसून त्याच्याकडंच बघत होते. ट्रम्पेट गुडघ्यावर, ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. पोरगं पडलंय हे त्यांना समजलं होतं. रविराजनं हनुवटी वर उचलली. या, मामा. सॅक्सोफोन तोंडात असल्यानं यापेक्षा जास्त काही करता येत नव्हतं. त्यानं पुन्हा हनुवटी उचलली, डोळे मोठे करून, जवळजवळ रडकुंडीला येऊन.

मामांनी ते बघितलं. त्यांनी घाईघाईनं मान डोलावली, समजलं समजलं अशी, आणि ट्रम्पेट गुडघ्यावरून उचलून आवाज न करता खाली फरशीवर ठेवलं. मग दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि डोळे मिटून घेतले.

तो तुकडा रविराजनं आणखी किती वेळा वाजवला देव जाणे. शेवटी राजनंदिनीनं मान वर केली, त्याचा चेहरा बघितला आणि चालीचा पहिला सूर दोन्ही हातांनी दणकन दाबला. सगळे एकदम चालीवर आले. मामांनी खाली वाकून ट्रम्पेट उचललं आणि शेवटची चाल अशी वाजवली, की रामप्रसादनं पलीकडं अंगठा दाखवला.

मग सगळ्यांनी काचेपलीकडच्या खोलीत उभं राहून ते ऐकलं. उमेदवाराची माणसंही ऐकत होती, जायला जागाच नव्हती. चाल आली, राजनंदिनी आली, सॅक्सोफोन आला. तो मोकळा भाग खरंच सुंदर होता, इतका की सुग्रीवनं रविराजच्या पाठीत बुक्की मारली. आणि मग ती जागा आली. दोन मोठ्या स्पीकरांतून एक माणूस वाट हरवून एकाच दारावर थापा मारत राहिला. सगळ्यांना कळेल असं. रविराजनं जमिनीकडं बघायचं ठरवलं, म्हणून त्याला मामांचे हात दिसले. त्यांची बोटं ट्रम्पेटच्या खटक्यांवर चालत होती. मूळ चाल, पहिल्या सुरापासून. मामांचं तिकडं लक्षही नव्हतं.

“पाठवू ना, दादा?” रामप्रसादनं विचारलं. “दुसरं काय न्हाईच आपल्याकडं.”

“पाठव.”

रामप्रसादनं पाठवलं आणि लगेच उमेदवाराचं गाणं उघडलं. दिवसभर रविराजला राग येत होता आणि तो राग कुणावर काढायचा ते त्याला माहीत होतं. आता तो तसाच पोटात होता, आणि ज्याच्यावर काढावा असा माणूस त्या खोलीत स्वतःशिवाय दुसरा कुणी नव्हता.

बाहेर ओसरीवर मामा त्याच्याजवळ आले. थकलेले होते, पण चेहऱ्यावर कधी नव्हे ती हुशारी होती, अवघड काम एकदाचं पार पाडल्याची.

“आता झालं ना बरोबर?” त्यांनी विचारलं.

“झालं, मामा.”

“लई अवघड गेलं बघ मला. आरं, मधी एकडाव तर असं वाटलं, की तू मलाच बोलावतोयस. उठनारच व्हतो. पर म्हनलं, न्हाई. पोराला शब्द दिलाय.” त्यांनी रविराजच्या तोंडाकडं निरखून बघितलं. “बोलावत न्हवतास ना?”

आतून ढोलकी सुरू झाली आणि कुणीतरी उमेदवाराचं नाव मोठ्यानं पुकारलं.

“न्हाई मामा,” रविराज म्हणाला. “बोलावत न्हवतो.”